हाताने चालवायची गाडी

तारामावशीचं खरं नाव गल्लीत कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. तारांमध्ये जन्म गेला म्हणून तारामावशी, एवढं साधं. लग्नाआधी ती गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. लांबलचक फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, टोकांना पिना दाबायच्या, जोडणीचे कपलर चढवायचे, टेप गुंडाळायची, की एका गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, तयार. पुढे कारखाना दूर कुठेतरी हलला, पण ही हलली नाही. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे तिने स्वतःचं टेबल मांडलं. उंदरांनी कुरतडलेल्या, पुरात बुडालेल्या, अर्धवट शहाण्यांनी जोडाजोडी केलेल्या गाड्या तिच्याकडे येऊ लागल्या. तोंडाने फटकळ, पण हाताने अशी हळुवार की गाडीवाले तिचं बोलणं मुकाट ऐकून घेत.

तिचे यजमान म्हणजे मास्तर. ते गाडी शिकवायचे. गावातल्या निम्म्या लोकांना क्लच कसा सोडायचा ते मास्तरांनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात शिव्या घातल्या होत्या. त्यांची शिकवणीची जुनी गाडी साऱ्या गावाच्या ओळखीची होती. चौकात ती दिसली की लोक आपण होऊन बाजूला व्हायचे, कारण स्टिअरिंगवर कोण नवशिका बसला असेल याचा भरवसा नसे.

एका दुपारी एका शिष्याच्या घरून जिना उतरताना मास्तरांचा पाय घसरला आणि पाठीचा मणका गेला. जीव वाचला, हात वाचले. पाय होते, पण पाहुण्यासारखे. घरात असून कामाचे नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून ते खिडकीतून रस्ता बघत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चुका काढत. हळूहळू तेही थांबलं. चुका काढणारा माणूस चुका काढायचा थांबला, तेव्हा तारामावशीला पहिल्यांदा भीती वाटली.

कल्पना निघाली ती धाकट्या दिराच्या डोक्यातून. हे भाऊजी इंजिनाचे मेकॅनिक, गड्याला घाई फार. गल्लीत म्हण होती, यांच्या हातात पाना आधी येतो आणि विचार मागून. एका सकाळी ते टेम्पोतून एक इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊनच आले.

"वहिनी, आपटलेल्या गाडीचं आहे. मागून चेपलीय, पुढचा भाग ठणठणीत. आपोआप गिअर बदलणारं! म्हणजे क्लच नाही. हे दादाच्या गाडीत बसवू. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने दाबायचा दांडा लावून घेऊ. दादा पुन्हा गाडी चालवेल."

"त्यापेक्षा दुसरी गाडीच बघू की," सासूबाई म्हणाल्या.

त्याला उत्तर मास्तरांनी दिलं. किती महिन्यांनी ते असे सरळ बसून बोलत होते. जुन्या गाडीचं दार भलं मोठं उघडतं, तिची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीची आहे. नव्या गाड्यांत स्वतःहून सरकून बसता येत नाही, पोत्यासारखं कुणीतरी उचलून टाकावं लागतं. "पोतं व्हायचं असेल तर मी घरीच बरा," असं म्हणून त्यांनी तारामावशीकडे पाहिलं. "वायरिंग तू करशील?"

प्रश्न साधा वाटला तरी साधा नव्हता. जुन्या गाडीच्या इंजिनाला वायरी चारच. नव्या इंजिनाला जाळंच होतं. त्याला संगणक, सेन्सर, पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांच्या वायरी, गिअरबॉक्सच्या वेगळ्या. ॲक्सिलरेटरला केबलसुद्धा नाही. पेडल किती दाबलं हे एका सेन्सरकडून संगणकाला कळायचं आणि मग इंजिन जोर धरायचं. अपघातवाल्या गाडीचं मूळ हार्नेस भंगारवाल्याने कोयत्याने ऊस तोडावा तसं तोडलं होतं. भाऊजींचं म्हणणं, तुकडे जोडू, टेप मारू, चालतंय.

"चालतंय कुणाला? यात माझा माणूस बसणार आहे," तारामावशी म्हणाली. "जोडकाम नाही. अख्खं नवीन करणार."

तिने प्लायवूडची मोठी फळी आणली. इंजिन गाडीत बसल्यावर सुतळी घेऊन ती बॉनेटखाली वाकली. संगणक कुठे, फ्यूज कुठे, बॅटरी कुठे, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला भोक कुठे, सगळीकडून सुतळी फिरवली. वळण आलं तिथे सुतळीला गाठ मारली. मग ती सुतळी फळीवर पसरून गाठीगाठीला खिळा ठोकला. ज्या वायरी तापणार त्या जाड घेतल्या, सेन्सरच्या वायरी एकमेकींना पीळ घालून, ठिणगी पाडणाऱ्या कॉईलपासून दूर नेल्या. प्रत्येक पिन दाबल्यावर ओढून बघायची, सुटली तर पुन्हा. मास्तर शेडच्या दारात खुर्ची लावून बसत.

"ती हिरवी कशाची?"

"तापमानाची."

"आणि हिरव्यावर पांढरी रेघ?"

"अहो, परीक्षा घेताय का माझी?"

"शिकवून घेतोय," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले. शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

हार्नेस गाडीत गेलं. सगळ्यात शेवटी हाताच्या दांड्याचा कारागीर आला आणि स्टिअरिंगच्या बाजूला दांडा बसवून गेला. पुढे ढकलला की ब्रेक, खाली ओढला की वेग. डॅशबोर्डखालचं झाकण त्यानेच लावलं. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, भाऊजींनी शिट्टी मारली. दांड्याने चालवण्याची परीक्षा मास्तरांना नव्याने द्यावी लागणार होती. परवान्याच्या ऑफिसने तारीखही दिली.

शिकाऊ माणसासारखा गाडीच्या पाठीवर शिकाऊचा फलक लावून मास्तर पहिल्यांदा बाहेर पडले. शेजारी भाऊजी, मागे तारामावशी. गल्ली, चौक, मोठा रस्ता, सगळं लोण्यासारखं. मास्तरांची मान ताठ झाली होती. समोर एकाने इशारा न देता वळण घेतलं, तेव्हा ते पुटपुटले, "कुणाकडे शिकला रे हा?" तारामावशीला वाटलं, आलं, आपलं माणूस परत आलं.

मग पाण्याच्या टाकीजवळचा उतार लागला. खाली चौकात बस आडवी उभी होती. मास्तरांनी दांडा पुढे दाबला. गाडीचा वेग उतरला, आणि अचानक आवाजच गेला. इंजिन मेलं. डॅशबोर्डवरचे दिवे लाललाल पेटले. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मास्तर एका हाताने ते ओढत होते, दुसऱ्या हाताने दांडा रेटत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बसचा मागचा पत्रा मोठा मोठा होत आला. भाऊजींनी मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी उपसला. गाडी फरफटत थांबली, ती बसला जवळजवळ नाक लावूनच.

मागून हॉर्न वाजायला लागले. मास्तरांनी दांडा सैल सोडला. भाऊजींनी हँडब्रेकवरचा हात काढला, गिअर मोकळा केला, चावी फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जणू काही घडलंच नव्हतं.

त्या दिवसापासून घराची झोप उडाली. तारामावशीने डॅशखालचं झाकण उघडलं, एकेक कपलर काढून तपासला, मीटर लावून प्रत्येक वायर मोजली. इंजिन तासभर तापवलं, हार्नेस हलवलं, पिळलं, वायरींवर पाणी मारलं. काही नाही. भाऊजी गाडी घेऊन त्याच उतारावरून पुन्हा पुन्हा जाऊन आले, पायाने ब्रेक मारत. काही नाही. ती स्वतः गेली, पायानेच. काही नाही. मास्तर बसले की मात्र, रोज नाही, पण कधीतरी, जोराचा ब्रेक लागला की इंजिन मरायचं. एकदा तर आपल्याच फाटकापुढे.

भाऊजींनी तिला शेडमागे बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. गाडीत दोष असता तर माझ्या हातातही दिसला असता. दादा घाबरतोय. घाबरून चावीला, गिअरला कुठेतरी धक्का लागत असणार. आपण बघतो कुठे त्याच्या हाताकडे?"

"त्यांच्या हाताला काय झालंय?"

"थरथरतो. तुम्ही पाहिलं नाही?"

तिने पाहिलं होतं. जेवताना भांडं उचलताना पाहिलं होतं, पण स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती. आणि त्या क्षणी, भाऊजींचं ऐकताना, तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. वायरिंगमध्ये चूक नाही. चूक माझी नाही. पुढच्याच श्वासात तिला स्वतःची शिसारी आली. दोष नवऱ्याच्या हातात निघावा, आपल्या वायरीत नको, असं आपल्याला वाटलं? ती नळाखाली हात धुवत राहिली, हात स्वच्छ झाले तरी.

मास्तरांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून भीती ओळखणारा माणूस, त्याला घरातले चेहरे वाचता येणार नाहीत? सकाळी चहा घेऊन ती गेली तेव्हा ते परवान्याच्या एजंटाशी फोनवर बोलत होते. "नाही नाही, परीक्षेला येत नाही मी. तारीख दुसऱ्या कुणाला द्या. हो. आणि गाडीला गिऱ्हाईक असेल तर बघून ठेवा."

तिने कप ठेवला, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "तारीख राहू द्या. मास्तर येणार आहेत." आणि फोन बंद केला.

"अगं, काय करतेस? कुणाला मारायचंय का रस्त्यावर? मी शिकवताना काय सांगायचो? ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने स्टिअरिंगला हात लावू नये."

"आधी मी चालवणार. तुमच्यासारखी, दांड्याने. तुम्ही शेजारी बसायचं."

"तुला दांडा कुठे येतो?"

"मग शिकवा. मास्तर आहात ना?"

दुसऱ्या बाजूने मास्तर सरकून गाडीत बसले. तारामावशी स्टिअरिंगवर बसली, पायांना मोह नको म्हणून तिने चक्क मांडी घातली. मांडी दांड्याला अडली तसे मास्तर ओरडले, "कीर्तनाला बसलीस का? पाय मागे घे, सीटखाली!" तिने पाय मागे दुमडले. फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकाचं काय कमी होतं, म्हणून दोघं निघालेत."

मोकळ्या मैदानात तिने आधी सराव केला. दांडा पायासारखा नसतो. पायाला सवय असते, हाताला विचार करावा लागतो. गाडी सशासारख्या उड्या मारत होती. "हळू. ओढू नकोस, टेकव. बोटांनी नाही, तळव्याने." मास्तरांचा आवाज जुनाच होता, कडक, न चिडणारा. हात मांडीवर स्थिर होते. तिच्या लक्षात आलं की शिकवताना ते थरथरत नव्हते.

"आता उतार," ती म्हणाली.

"नको."

"अहो, तिथेच जायचंय."

मास्तरांनी मांडीवरचा हात उचलला. "मधल्या हँडब्रेकवर माझा हात आहे. चल."

उतार लागला. रस्ता तसा मोकळा होता, फक्त मागून एक ट्रक येत होता. आरशात त्याचं तोंड वाढत होतं. तारामावशीच्या तळहाताला घाम सुटला, दांडा निसटेल असं वाटलं. "दाब," मास्तर म्हणाले. तिने दाबला. गाडी मंदावली. "अजून. पूर्ण." तिने सगळा जोर लावून दांडा पुढे रेटला.

आवाज गेला. दिवे पेटले. स्टिअरिंग हातात लाकूड झालं.

"मेलं!" ती ओरडली. "अहो, मेलं! माझ्या हातात मेलं!"

"रस्त्याकडे बघ! दांडा सोडू नकोस. डावीकडे घे, दोन्ही... नाही, एकाच हाताने, खांद्यातून ओढ. खांद्यातून!" मास्तरांनी हँडब्रेक वर खेचला. गाडी कडेच्या मातीत शिरली आणि थांबली. ट्रक हॉर्न देत बाजूने गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली.

तारामावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मास्तर घाबरले. "लागलं का कुठे?"

"तुमचा हात नाहीये हो. तुमचा हात नाहीये."

दांडा अजून तिने दाबूनच धरला होता. तसाच धरून तिने गिअर मोकळा केला आणि चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. तिने दांडा सैल सोडला. पुन्हा चावी. पेटलं. पुन्हा पूर्ण दाबला. मेलं. सोडला. पेटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी आणि भाऊजी पायाने ब्रेक मारत होतो," ती सावकाश म्हणाली. "पायाने मारला की पेडल जातं, पण वरचा दांडा जागचा हलत नाही."

घरी आल्या आल्या तिने डॅशखालचं झाकण काढलं आणि मास्तरांना दांडा दाबायला सांगितलं. इंजिन सुरूच राहिलं. पुन्हा, सगळ्या जोराने. सुरूच. भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले, "भुताटकी आहे." एवढं हाताशी येऊन पुन्हा निसटलं? तिने हातातल्या झाकणाकडे पाहिलं. काळं, प्लास्टिकचं, आतून मधोमध एक चकचकीत घासल्याची रेघ.

झाकण उघडल्याशिवाय दोष दिसत नाही, आणि उघडलं की दोषच राहत नाही! ती इतके दिवस तेच करत आली होती. शोधायला म्हणून झाकण काढायचं, आणि शोधायची गोष्टच मोकळी करून टाकायची.

तिने झाकण परत लावलं. फ्यूजच्या लहान खिडकीतून आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि बोटांनी हार्नेस चाचपत गेली. "अहो, दाबा. हळू. अजून. आता पूर्ण..." आणि ती किंचाळली. भाऊजी धावले. दांड्याच्या सळईने तिचं बोट हार्नेससकट झाकणाशी दाबून धरलं होतं. त्याच वेळी इंजिन मेलं.

"सोडू नका!" ती दात खाऊन म्हणाली. "इथेच आहे. बघून घेऊ द्या."

"अगं, बोट जाईल!"

"जाऊ द्या, नऊ उरतात!"

मास्तरांनी ऐकलं नाही, दांडा सोडला. बोट काळंनिळं होऊन बाहेर आलं. भाऊजींनी झाकण काढून टॉर्च मारला. पेडलच्या सेन्सरला जाणाऱ्या वायरींचा झुबका मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने टेपमधून उघडा पडला होता. एका वायरीचं कव्हर घासून आतलं तांबं सुईच्या टोकाएवढं चमकत होतं. ज्या वायरीतून सगळ्या सेन्सरना वीज जायची, नेमकी तीच. दांडा पूर्ण दाबला की ते तांबं सळईला टेकायचं, वीज सळईतून गाडीच्या पत्र्यात निघून जायची, सगळे सेन्सर एकदम आंधळे व्हायचे, आणि संगणक इंजिन बंद करून टाकायचा.

तारामावशी जमिनीवर बसली. सुतळीने मोजलं तेव्हा दांडा बसलेलाच नव्हता. तिने रिकामी गाडी मोजली होती. दांडा आल्यावर तो पुढे गेला की कुठे जातो, हे एकदा तरी वाकून बघायला हवं होतं. कारागिरावर ढकलता आलं असतं, भाऊजींनी ढकललंही. तिने मान हलवली. "त्याने त्याचा दांडा नीट बसवलाय. वाट माझी चुकली."

संध्याकाळी बोटाला बर्फ लावून ती मास्तरांच्या खुर्चीजवळ बसली आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलली. "मला वाटलं होतं, तुमचाच हात चुकतोय. वाटलं काय, तसंच निघावं असं वाटलं."

मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला तर खात्रीच होती. वायरिंग तुझं. मग चूक माझ्याशिवाय कुणाची असणार?"

तिने त्यांच्या हातात बर्फाची पिशवी दिली आणि बोट पुढे केलं.

तो भाग तिने सबंध नव्याने केला. पुन्हा फळी, पुन्हा सुतळी, पण या वेळी मास्तर सीटवर बसलेले, दांडा पूर्ण पुढे, मग पूर्ण खाली, मग स्टिअरिंग डावीकडे वळवून, उजवीकडे वळवून. सळई जिथे जिथे जाते तिथे भाऊजींनी खडूने खुणा केल्या, घाई न करता. वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या, जाड कापडी नळी चढवली, पत्र्याला क्लिपा मारल्या. मग झाकण लावून, झाकण लावूनच, उतारावर इतके ब्रेक मारले की टाकीवरचा पंपवाला ओळखीने हात दाखवायला लागला.

परीक्षेच्या दिवशी मास्तर नापास झाले.

चढावर थांबून सुटणं, अचानक ब्रेक, चौक, सगळं बिनचूक. शेवटी मागे घेताना मागचं चाक खुणेच्या खांबाला लागलं आणि खांब आडवा. मान वळवली की पाठ साथ देत नव्हती, आणि आरसा लहान. परीक्षक अवघडून म्हणाले, "मास्तर, मी तुमच्याच हाताखाली शिकलोय. काय करू?"

"काय करायचं? नापास कर," मास्तर म्हणाले. "मी तुला सरावात दोनदा केलं होतं."

तारामावशी कुंपणाबाहेर उभी होती. मास्तरांचा चेहरा बघून तिला वाटलं, संपलं. पण ते गाडीत बसल्या बसल्याच भाऊजींवर ओरडले, "आरसा कोणी निवडला रे? दाढी करायचा आहे का हा?"

मोठे आरसे लागले. पुढच्या वेळी खांब उभेच राहिले. परवाना मिळाला त्या दिवशी घरी येताना मास्तर चालवत होते, ती शेजारी होती. उतार आला. दांडा पुढे गेला, गाडी मंदावली, इंजिन आपलं संथ गुरगुरत राहिलं. तारामावशी श्वास धरून, मान तिरकी करून डॅशखालचा आवाज ऐकत होती.

"काय ऐकतेस?"

"काही नाही."

"मग पट्टा लाव. मघापासून बघतोय, तसाच लोंबतोय."

तिने पट्टा लावला.